पुठ्ठा, खळ आणि धावदोरा : घराला लागणारी वस्तू मुलांच्या हातून

शाळांना सुटी लागली की बाजारात ‘स्वतः करून पाहा’ प्रकारच्या संचांची गर्दी होते. चकचकीत खोक्यात आधीच कापून ठेवलेले पुठ्ठ्याचे तुकडे, डिंकाची छोटी बाटली, चमकीची पुडी, चार रंग आणि कोणता तुकडा कोठे चिकटवायचा हे सांगणारा कागद असतो. मूल तासा-दोन तासांत ते सारे जोडते, दोन दिवस ती वस्तू मिरवते आणि तिसऱ्या दिवसापासून ती कपाटावर धूळ खात बसते. त्याच घरात टेबलाच्या खणात पेने, चार्जर, सुटी नाणी, चाव्या आणि जुनी बिले एकमेकांत गुंतलेली असतात. माळ्यावर मिक्सरची, चपलांची, घरपोच आलेल्या सामानाची रिकामी खोकी साठलेली असतात. मुलाला हवे असलेले काम आणि घराला हवी असलेली व्यवस्था यांची येथे गाठ घालून देता येते, आणि तीही जवळपास बिनखर्चात.

त्यासाठी एक अट मात्र पाळावी लागते. मुलाच्या हातून होणारी वस्तू घराला खरोखर लागणारी असली पाहिजे. शोभेसाठी रंगवलेली बाटली आणि आजोबांचा चष्मा रोज जिच्यात ठेवला जातो ती पेटी, यांतील फरक मुलाला लगेच कळतो. पेटीचा तळ निसटला तर चष्मा पडतो. म्हणून ती नीट करावी लागते, आणि बिघडली तर दुरुस्त करावी लागते. शोभेच्या बाटलीवर अशी कोणतीच जबाबदारी नसते.

ही कल्पना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या आणि पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आराखड्यात बसवलेल्या ‘नई तालीम’च्या मुळाशी हाच विचार होता. हस्तव्यवसाय हा अभ्यासाच्या कडेला लावलेला विषय नसून शिकण्याचे केंद्र असावा आणि मुलाच्या हातून होणारे काम उत्पादक असावे, असे ती योजना सांगत होती. पुढे शाळांतून ‘कार्यानुभव’ आला खरा. परंतु अनेक घरांत तो आदल्या रात्री पालकांनी जागून पूर्ण करायच्या प्रकल्पापुरता उरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा ‘दप्तराविना’ काळ सुचवण्यात आला असून त्यात सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची कल्पना आहे.

साहित्य स्वस्त असणे म्हणजे शिक्षण हलके असणे नव्हे, हे महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिले. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केल्यानंतर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केले आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तेथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना महागडी माँटेसरी साधने आणणे परवडणारे नव्हते. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, फुले आली. मोजणे, लहानमोठे ओळखणे, रंगांप्रमाणे वेगळे करणे यांसाठी जे लागते ते परिसरात पडलेलेच होते. कोसबाडच्या बालवाडीत बियांचे वर्गीकरण करणाऱ्या मुलाचे काम आणि आज एखाद्या सदनिकेत बटणांचा डबा निवडणाऱ्या मुलाचे काम, मुळात एकच आहे.

दुसरा धागा मध्य प्रदेशातून येतो. होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ मध्ये विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. महागड्या प्रयोगशाळेऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तूंनी विज्ञान शिकवावे, असा त्याचा आग्रह होता. पुण्यातील एका मोटार कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तेथे गेले. आठवडी बाजारात फिरताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली आणि तिच्या तुकड्यांनी आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घन बनवण्याची कल्पना पुढे आली. पुढे पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी तयार केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके व चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य पाहता येतात.

आगकाड्यांच्या या खेळाचा घरातील मांडणीशी थेट संबंध आहे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन बोटाच्या हलक्या धक्क्याने कलतो. त्यात एक तिरकी काडी घातली की तो पुन्हा ताठ होतो. हे हाताने अनुभवलेल्या मुलाला खोक्यांची केलेली मांडणी एका बाजूला का झुकते आणि तिच्या पाठीमागे पुठ्ठ्याची तिरकी पट्टी लावली की ती का थांबते, हे वेगळे सांगावे लागत नाही. आगकाड्यांचा गूळ मोठ्यांनी आधी काढून टाकावा, किंवा त्यांऐवजी खराट्याचे हीर सारख्या लांबीचे कापून घ्यावेत.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात मात्र कात्रीने होत नाही. आवराआवरीत सर्वाधिक फसगत होते ती येथेच : आधी डबे आणले किंवा बनवले जातात आणि मग त्यांत काय ठेवायचे याचा शोध सुरू होतो. क्रम उलटा हवा. संपूर्ण घर तर सोडाच, एक खोलीसुद्धा पहिल्या दिवशी घेऊ नये. एकच खण घ्यावा. तो जुन्या चादरीवर रिकामा करावा आणि मुलाला तीन ढीग करू द्यावेत : रोज लागणारे, कधीतरी लागणारे आणि न लागणारे. वाद तिसऱ्या ढिगावर होतात, आणि ते व्हावेत. कोणाची वस्तू आहे त्याला विचारल्याशिवाय ती टाकायची नाही, हा नियम मुलांना लागू आहे तसाच मोठ्यांनाही लागू करावा. मुलांची गोळा केलेली दगडगोटे-तिकिटे मोठी माणसे फार सहज केराच्या टोपलीत टाकतात. ढीग झाले की मोजणी करावी. पेने २३, चालणारी ९ असा हिशेब निघाला की किती मोठा कप्पा लागेल ते आपोआप ठरते.

मग मापे. समजा खण ४० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ८ सेंटीमीटर खोल आहे. त्यात १० सेंटीमीटरचे चौरस कप्पे करायचे तर लांबीच्या दिशेने ४० सेंटीमीटरच्या दोन आणि रुंदीच्या दिशेने ३० सेंटीमीटरच्या तीन पट्ट्या लागतात. पाच पट्ट्यांत १२ कप्पे होतात. पट्ट्यांची उंची ७ सेंटीमीटर ठेवावी आणि लांबी खणापेक्षा दोन-तीन मिलीमीटर कमी, म्हणजे त्या अडकत नाहीत. प्रत्येक छेदाच्या जागी निम्म्या उंचीपर्यंत, म्हणजे साडेतीन सेंटीमीटर, खाच पाडावी. लांब पट्ट्यांच्या खाचा वरून आणि आखूड पट्ट्यांच्या खालून घेतल्या की त्या एकमेकींत बसतात. गोंद लागत नाही, खिळा लागत नाही. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच रुंद हवी; सैल झाली तर जाळी डुगडुगते. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या खाचा सैल होतात आणि पुठ्ठा फुकटचा असल्यामुळे दुसरी पट्टी कापताना कोणी रागावत नाही. विकतच्या संचात ही मुभा नसते, कारण तुकडा बिघडला की संच संपतो.

पुठ्ठ्याचा एक गुण मात्र आधी ओळखून घ्यावा लागतो. सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा तीन थरांचा असतो : बाहेर दोन सपाट कागद आणि मध्ये लाटांसारखा दुमडलेला तिसरा. या लाटांमुळे पुठ्ठ्यात एका दिशेने बारीक नाल्या तयार होतात. नाल्या उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा वरून आलेला भार पेलतो. आडव्या ठेवल्या तर लवकर चेपतो. म्हणून कप्प्यांच्या पट्ट्या कापताना नाल्या उंचीच्या दिशेने याव्यात. हे मुलाला सांगण्यापेक्षा करून पाहू द्यावे : एकसारख्या आकाराच्या दोन पट्ट्या, एकीत नाल्या लांबीच्या दिशेने आणि दुसरीत आडव्या, दोन पुस्तकांमध्ये पुलासारख्या ठेवून त्यांवर एकेक नाणे ठेवत जावे. कोणता पूल आधी वाकतो ते पाहिल्यावर पुढच्या प्रत्येक खोक्याकडे मूल निराळ्या नजरेने पाहू लागते. पुठ्ठा सरळ दुमडायचा असेल तर पट्टी लावून चमच्याच्या दांड्याने आधी दाबून रेघ पाडावी.

चिकटवण्यासाठी खळ पुरते. आकाशकंदील आणि पतंग करणाऱ्या घरांना ती परकी नाही. दोन चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न होता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत, किंचित पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. पुस्तकबांधणी करणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामात ते घालू नये. त्यापेक्षा खळ थोडीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी. दमट हवेत, म्हणजे कोकण, गोवा, कोलकाता अशा ठिकाणी, खळीचा पुठ्ठा पावसाळ्यात मऊ पडतो आणि त्याला कसर व झुरळे लागण्याचा धोका असतो. तेथे खाचांची बिनगोंदाची जाळी, कापडी पिशव्या आणि पत्र्याचे डबे अधिक टिकतात. भोपाळ किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा प्रश्न फारसा येत नाही.

रद्दीची टोपली हे थोड्या मोठ्या मुलांचे काम. वर्तमानपत्राच्या पानाच्या उभ्या चार पट्ट्या कापाव्यात, स्वेटर विणायच्या बारीक सुईवर एका कोपऱ्यापासून तिरक्या गुंडाळाव्यात, शेवटचे टोक खळीने चिकटवावे आणि सुई ओढून घ्यावी. अशा चार-पाच डझन नळ्यांत पेन्सिली किंवा लोकरीच्या गुंड्या ठेवण्याजोगी टोपली विणून होते. नळीचे एक टोक किंचित अरुंद राहते. ते दुसऱ्या नळीत खोवून लांबी वाढवता येते. विणताना उभ्या नळ्या विषम संख्येत घ्याव्या लागतात. त्या सम असल्या, तर आडवी नळी प्रत्येक फेरीत त्याच नळीच्या वरून आणि त्याच नळीच्या खालून जाते आणि वीण बसत नाही. बुरूडकाम करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली ही गोष्ट सम-विषमाचा पाठ गिरवणाऱ्या मुलाला बोटांनी कळते. या टोपल्यांत पोळ्या, फळे किंवा खाऊ मात्र ठेवू नये. वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागणे आरोग्यास अपायकारक असल्याचा इशारा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने दिलेला आहे.

जुन्या कापडाबाबत तर भारतीय घरांना शिकवण्यासारखे फारसे नाही. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ, बंगालमधील कांथा, उत्तर कर्नाटकातील कौदी ही सारी वापरून मऊ झालेल्या साड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकत्र आणण्याची कामे आहेत. हाच धावदोरा सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई देऊन शिकवता येतो. सुती साडीचा दुहेरी पट्टा, त्यावर जुन्या जीन्सचे कापून काढलेले चार-पाच खिसे आणि वर एक काठी ओवायला नेफा, एवढ्यावर दारामागे टांगायची खिशांची पट्टी तयार होते. घरातील प्रत्येकाला एक खिसा दिला की चाव्या, ओळखपत्र, रेल्वेचा पास यांची सकाळची शोधाशोध कमी होते. टाके वाकडे येतील; येऊ द्यावेत. रात्री गुपचूप उसवून ते सरळ करणाऱ्या पालकाने मुलाचे काम आपल्या नावावर करून घेतलेले असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या आवराआवरीत एक जास्तीची सोय सापडते. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू येथील मराठी मुलांच्या शाळेत मराठी असतेच असे नाही आणि रस्त्यावरच्या पाट्याही बहुधा दुसऱ्या भाषेत असतात. स्वयंपाकघरातील डब्यांवर चिठ्ठ्या लिहिण्याचे काम अशा मुलाकडे द्यावे. मोहरी, जिरे, ओवा, धणे, बडीशेप, आमसूल, हरभऱ्याची डाळ हे शब्द ते रोज ऐकते. लिहिलेले क्वचितच पाहते. वरच्या ओळीत मराठी आणि खाली कन्नड, तेलुगू किंवा गुजराती नाव लिहिले तर मदतीला येणाऱ्या ताईंनाही डबा सापडतो आणि मुलाला दोन लिप्या शेजारीशेजारी दिसतात. न वाचणाऱ्या धाकट्या भावंडासाठी कोपऱ्यात चित्र असावे. जिरे आणि बडीशेप यांचे चित्र वेगळे कसे काढायचे, या प्रश्नावर अर्धी दुपार सहज जाते.

‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली जे होते त्यातील बरेचसे मात्र टिकाऊ नसते, हे सांगितले पाहिजे. भंगारवाला जी प्लास्टिकची बाटली किंवा जो कोरा पुठ्ठा विकत घेतो, त्यावर रंग, चमकी, लोकर आणि टिकल्या चिकटवल्या की त्याची किंमत शून्य होते. कागद, प्लास्टिक आणि गोंद यांचे मिश्रण वेगळे करणे कोणालाच परवडत नाही. ते थेट कचऱ्यात जाते. म्हणजे पुनर्वापराच्या नावाने पुनर्वापराची वाटच बंद होते. सजावट करायचीच असेल तर पुठ्ठ्यावर कागद आणि कापडावर दोरा, असे सजातीय काहीतरी लावावे. थर्मोकोलचा तर विचारही नको : सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी शालेय प्रकल्पांच्या यादीत तो अजून डोकावतो. दुधाच्या पिशव्या कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, हेही मुलांनाच सांगावे; तो चिमुकला तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही आणि गटारात जातो.

उपयोगाची ही अट खेळाला लावू नये. दिवाळीत अंगणात किंवा गॅलरीत मातीचा किल्ला होतो, त्यावर आळीव पेरले जाते, मावळे उभे राहतात आणि काही दिवसांनी सारे मातीला मिळते. त्याचा घराला काहीही उपयोग नसतो आणि तो तसाच असावा. भातुकली, चिंधीची बाहुली, कागदाची होडी यांना कप्प्यांचा हिशेब विचारायचा नसतो.

सुरक्षिततेचा भाग मात्र गंभीर आहे. विक्रीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले आहे. घरी केलेल्या वस्तूची अशी तपासणी कोणी करत नाही, म्हणून ती मोठ्यांना करावी लागते. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर सुमारे ३२ मिलीमीटर व्यासाच्या नळीतून जाईल अशी कोणतीही सुटी वस्तू, म्हणजे मणी, बटण, नाणे, बी, त्याच्या हाती लागेल अशा उघड्या कप्प्यात ठेवू नये. घड्याळातील बटणासारखे सेल आणि छोटे शक्तिशाली लोहचुंबक गिळले गेल्यास आतड्याला किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा होते. त्यांना मुलांच्या खोक्यात जागाच नाही. फिनेल, ॲसिड, कीटकनाशक यांच्या रिकाम्या बाटल्या कितीही धुतल्या तरी वापरू नयेत, आणि खाण्याच्या बरणीत साफसफाईची द्रव्ये कधीही भरू नयेत. पत्र्याच्या डब्याची कापलेली कड सुरीइतकीच धारदार असते. कपड्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांऐवजी वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा, कारण त्या गोळ्या लहान मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात. ब्लेड आणि ग्लू गन मोठ्यांच्याच हाती असावीत. मुलाने आखावे आणि मोठ्यांनी कापावे, ही वाटणी चांगली चालते. मांडणीत जड वस्तू खाली आणि हलक्या वर ठेवाव्यात. मुलाला रोज लागणाऱ्या वस्तू त्याच्या नजरेच्या उंचीवर असल्या की त्याला खुर्चीवर चढावे लागत नाही.

खर्चाचा हिशेब केला तर मैदा, दोरा, सुई आणि एक चांगली कात्री यापलीकडे काही घ्यावे लागत नाही, आणि यांपैकी बहुतेक गोष्टी घरात असतातच. पैशांपेक्षा लागतो तो वेळ. मोठ्या माणसाने एकट्याने अर्ध्या तासात आवरला असता तो खण मुलासोबत आवरायला दोन दुपारी जातात. दोन्ही पालक कामावर जाणाऱ्या घरात हा वेळ रविवारीच मिळतो. म्हणूनही एका वेळी एकच खण घेणे शहाणपणाचे ठरते. अर्धवट राहिलेला पसारा सोमवारी सकाळी सगळ्यांच्या पायांत येतो आणि पुढच्या रविवारी कोणी त्याचे नाव काढत नाही.

पुठ्ठ्याची जाळी साधारण वर्षभर काम देते. कडा चुरगळल्या, खाचा फाटल्या की ती कोऱ्या पुठ्ठ्याच्या भावाने रद्दीत जाते, कारण तिला गोंद नसतो आणि रंगही नसतो. नव्या इयत्तेत भूमितीची पेटी मोठी येते, रंगखडूंच्या जागी पेने येतात आणि १० सेंटीमीटरचे कप्पे अपुरे पडू लागतात. तेव्हा खण पुन्हा चादरीवर रिकामा होतो आणि मापपट्टी या वेळी मूल स्वतःच घेऊन येते.